मोटारसायकलच्या हँडलवरचा स्विच तपासावा कसा आणि बदलावा कसा

सोयाबीनच्या गंज्या लागतात त्या दिवसांत अंधार लवकर पडतो. शेतावरून गावाकडे परतणाऱ्या माणसाचा डावा अंगठा तेव्हा सतत दोन ठिकाणी जात असतो, डिपरवर आणि हॉर्नवर. रस्त्याकडेच्या तुरीतून रोही एकाएकी आडवा येतो, रानडुकरांची रांग डांबरी रस्ता ओलांडते, समोरून कापूस भरलेली गाडी अप्परवरच येत राहते. अशा वेळी बटण दाबले आणि काहीच झाले नाही, तर सावरायला वेळ उरत नाही. शंभर सीसीच्या गाडीला ब्रेक आणि टायर जितके महत्त्वाचे, तितकाच हा मुठीएवढा प्लास्टिकचा डबा महत्त्वाचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

मात्र तो बिघडला असे वाटताच बदलून टाकणे, हेही तितकेच चुकीचे आहे. माझ्या जुन्या गाडीचा हॉर्न एका पावसाळ्यात मधूनमधून बंद पडू लागला. तालुक्याच्या गावी एका मिस्त्रींनी बटण दोनदा दाबून पाहिले आणि सांगितले, “भाऊ, स्विच गेला. नवा टाकून देतो.” नव्या स्विचचा कपलर (वायरी एकत्र जोडणारा प्लास्टिकचा प्लग) गाडीच्या कपलरशी जुळत नव्हता, म्हणून त्यांनी दोन्हीकडचे कपलर कापले, वायरी हाताने पिळून जोडल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. पुढच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर गेला तेव्हा, त्या टेपचा डिंक पाघळला आणि टेप सरकली. मृगाच्या पहिल्याच पावसात दोन उघड्या वायरी एकमेकींना लागल्या, फ्यूज उडाला आणि गाडी गावापासून आठ किलोमीटरवर बंद पडली. घरी आणून सगळे उघडले तेव्हा मूळ दोष सापडला: हॉर्नच्या पात्यावर बसणारी क्लिप गंजून सैल झाली होती. पहिला स्विच चांगलाच होता. म्हणून या लेखात बदलण्याआधी तपासण्यावर अधिक भर दिला आहे, आणि एक नियम सुरुवातीलाच सांगून ठेवतो: गाडीच्या मूळ वायरिंगचा कपलर कापू नये.

वीज कोणत्या वाटेने जाते

डाव्या बाजूच्या डब्यात साधारणपणे अप्पर-डिपर, पासिंगचे बटण, इंडिकेटर आणि हॉर्न असतात. काही कार्ब्युरेटरच्या गाड्यांत चोकचा खटकाही तिथेच असतो. उजव्या बाजूला सेल्फचे बटण, काही गाड्यांत इंजिन बंद करण्याचा किल स्विच आणि जुन्या गाड्यांत हेडलाइटचा खटका असतो. या सगळ्यांचे काम एकच आहे, दोन तांब्याच्या किंवा पितळी टोकांना जोडणे आणि तोडणे. इंडिकेटरचे उदाहरण घेतले तर चावी फिरवल्यावर वीज फ्यूजमधून फ्लॅशरकडे (इंडिकेटर मिचकवणाऱ्या डबीकडे) जाते, फ्लॅशरमधून स्विचकडे, स्विचमधून डाव्या किंवा उजव्या बल्बकडे आणि बल्बमधून अर्थिंगच्या वायरीने परत बॅटरीकडे. या वाटेवर स्विच हा केवळ एक थांबा आहे. त्याच्या आधी फ्यूज आणि फ्लॅशर, त्याच्यानंतर बल्ब आणि अर्थिंग, आणि या सर्वांच्या मध्ये कपलर. आपल्याकडची धूळ, खतांची पोती उचलून तसेच गाडी हाकणारे हात, गोठ्यालगत उभी राहणारी गाडी आणि कोठ्यातले उंदीर पाहता स्विचपेक्षा कपलर आणि वायरी आधी खराब होतात.

वायरींच्या रंगांची ओळख उपयोगी पडते. होंडाच्या रचनेवर आधारलेल्या हिरो आणि होंडाच्या छोट्या गाड्यांत बहुधा हिरवी वायर अर्थिंगची, काळी चावीनंतरच्या वीजपुरवठ्याची, राखाडी फ्लॅशरकडून येणारी, नारिंगी डाव्या इंडिकेटरची, फिकट निळी उजव्या इंडिकेटरची, पोपटी हॉर्नची, निळी अप्परची आणि पांढरी डिपरची असते. इतर कंपन्यांची रंगांची पद्धत वेगळी असते, आणि जुन्या गाडीत आधीच्या कोणी हाताला आली ती वायर जोडलेली असते. त्यामुळे रंगावरून अंदाज बांधावा, पण निर्णय मीटरवरूनच घ्यावा.

आणखी एक बाब पुष्कळांना गोंधळात टाकते. जुन्या छोट्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही. तो इंजिनावरच्या मॅग्नेट कॉइलच्या एसी विजेवर चालतो. अशा गाडीत नुसती चावी फिरवून हेडलाइट लागला नाही म्हणजे स्विच गेला, असे होत नाही. तपासणी इंजिन सुरू करून आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवूनच करावी लागते.

स्विच खरोखर खराब आहे का

साहित्य फार लागत नाही. दोन नंबरचा चांगल्या पोलादाचा चौफुली पेचकस, आठ आणि दहाचा पाना, स्वस्तातला डिजिटल मीटर आणि एक टेस्ट लॅम्प एवढे पुरे आहे. टेस्ट लॅम्प घरीच करता येतो: जुन्या इंडिकेटरचा दहा वॅटचा बल्ब होल्डरसह घ्यावा आणि त्याला हातभर लांबीच्या दोन वायरी जोडून टोकांना क्लिपा लावाव्यात. मीटर जवळजवळ वीज ओढत नाही, त्यामुळे दहापैकी नऊ तारा तुटलेल्या वायरीतही तो पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. बल्ब मात्र प्रत्यक्ष वीज ओढतो आणि कमजोर जोड मंद उजेडाने लगेच उघडा पाडतो. इंजेक्शनच्या बीएस-६ गाड्यांत हा बल्ब सेन्सरच्या किंवा ईसीयूच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) वायरींना कधीही लावू नये. हॉर्न, इंडिकेटर आणि दिवे यांच्यापुरताच तो वापरावा.

हॉर्न वाजत नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा, नंतर बॅटरीचे व्होल्टेज मोजावे. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. १२ च्या खाली असेल तर आधी बॅटरीचा प्रश्न सोडवावा. त्यानंतर हॉर्नच्या दोन्ही पात्यांवर टेस्ट लॅम्प लावून बटण दाबावे. बल्ब लख्ख पेटला आणि हॉर्न गप्प राहिला, तर दोष हॉर्नचा किंवा त्याच्या क्लिपांचा आहे. बल्ब पेटलाच नाही, तर हेडलाइटचा व्हायझर (दिव्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण) उतरवून स्विचचा कपलर गाठावा. बहुतेक छोट्या गाड्यांत तो हेडलाइटच्या मागे असतो. व्हायझरचे बाजूचे बोल्ट सोडताना दिवा एका हाताने धरून ठेवावा, नाहीतर त्याचे सगळे वजन वायरींवर येते.

कपलरचे दोन्ही भाग वेगळे करून आत टॉर्च मारून पाहावे. पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी, काळपट जळका डाग किंवा मागे सरकलेली पिन, या तीनपैकी काहीतरी पुष्कळदा दिसतेच. कपलर साफ करून पुन्हा बसवला आणि सगळे सुरळीत झाले, तर काम तिथेच संपले. तसे झाले नाही तर कपलर सोडलेला ठेवूनच मीटर बीपवर (वाट जोडलेली असली की आवाज देणाऱ्या खुणेवर) लावावा आणि स्विचकडच्या भागातल्या हॉर्नच्या पिना तपासाव्यात. बटण दाबल्यावर बीप यायला हवा आणि सोडल्यावर थांबायला हवा. दाबून ठेवून अंगठा थोडा डावी-उजवीकडे हलवावा. बीप तुटत असेल तर स्विचच्या आतला जोड सैल आहे. अशाच रीतीने अप्पर, डिपर आणि दोन्ही इंडिकेटर तपासून निकाल कागदावर लिहून ठेवावेत, कारण पुढे नवा स्विच घेताना तोच कागद कामी येतो.

हॉर्न वाजतो पण मरगळलेला वाजतो, अशी तक्रार असेल तर कपलर जोडून, हॉर्न दाबलेला ठेवून, स्विचमध्ये येणाऱ्या आणि तिथून जाणाऱ्या वायरीमध्ये मीटरने व्होल्ट मोजावे. शून्याच्या जवळचा, फार तर ०.२ व्होल्टचा आकडा चांगला. अर्धा-एक व्होल्ट दिसत असेल तर तेवढी वीज त्या जोडातच उष्णतेच्या रूपाने वाया जात आहे, असे समजावे.

उघडून साफ करणे

तपासणीत दोष स्विचचाच निघाला तरी निम्म्या वेळा सफाईने काम भागते. सर्वप्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. हँडलवर स्विच आणि क्लच लिव्हर ज्या जागी आहेत तिथे मार्करने बारीक खूण करावी. स्विचचे दोन्ही भाग खालून बसवलेल्या दोन स्क्रूंनी धरलेले असतात, आणि पुष्कळ गाड्यांत हे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात; कोणता पुढचा आणि कोणता मागचा हे लक्षात ठेवावे, कारण लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर प्लास्टिक फोडतो. स्क्रू गंजला असेल तर त्यावर गंज सोडवणारे तेल टाकून पंधरा मिनिटे थांबावे आणि पेचकस जोराने आत दाबूनच फिरवावा. डोके एकदा गुळगुळीत झाले की साधे काम दिवसभराचे होऊन बसते.

डबा उघडताना खाली पांढरे कापड किंवा पसरट ताट ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. इंडिकेटरच्या खटक्याखाली ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान पोलादी गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग असते. खटका उचलताच ती उडते आणि अंगणातल्या मातीत पुन्हा सापडत नाही. मी खटका काढताना पूर्ण स्विच पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतच उघडतो. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण उलट्या क्रमाने जोडताना स्मरणशक्तीवर विसंबणे धोक्याचे असते.

आत पाहिले की आपल्या भागातल्या गाडीची सगळी कहाणी दिसते. काळ्या मातीची बारीक धूळ जुन्या ग्रीसमध्ये मिसळून तिचा घट्ट लगदा झालेला असतो, त्यात कापसाचे तंतू अडकलेले असतात आणि पितळी पट्टीवर हिरवा थर चढलेला असतो. हा लगदा लाकडी काडीने खरवडून काढावा, कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून जुन्या टूथब्रशने घासावे आणि हिरवा थर फारच घट्ट असेल तरच चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने हलके फिरवावे. पेट्रोल वापरू नये. ते काही प्रकारचे प्लास्टिक आणि रबर खराब करते, शिवाय ठिणगी पडण्याचा धोका असतो. सर्व कोरडे झाल्यावर टोकांवर पेट्रोलियम जेलीचा पुसट हात फिरवावा; जाड थर दिला तर तीच जेली पुढे धूळ धरते.

हॉर्नच्या बटणाखाली वायर डाग देऊन जोडलेली असते, आणि वर्षानुवर्षे दाबले जाऊन तो डाग निखळतो. पंचवीस वॅटचा सोल्डर गन आणि राळेचे फ्लक्स वापरून तो पुन्हा देता येतो. आम्लयुक्त पेस्ट वापरू नये, ती पुढे वायर कुरतडते. गरम टोक तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, नाहीतर आजूबाजूचे प्लास्टिक वितळते.

नवा स्विच घेताना

पट्टी जळून काळी पडली असेल, प्लास्टिक वितळले असेल किंवा खटका जागेवर थांबतच नसेल, तर नवा स्विच घ्यावा. दुकानात जाताना जुना स्विच सोबत न्यावा. गाडीचे नाव एवढेच सांगणे पुरेसे नसते. वर्ष, बीएस-४ की बीएस-६, सेल्फची की नुसत्या किकची, हेही सांगावे लागते. कपलरचा आकार, पिनांची संख्या, प्रत्येक पिनेवरच्या वायरीचा रंग, हँडलकडे जाणाऱ्या वायरीची लांबी आणि आतल्या बाजूची पिन, या पाच गोष्टी जुन्याशी ताडून पाहाव्यात. ही आतली पिन हँडलच्या नळीतल्या बारीक भोकात बसते आणि स्विच गोल फिरू देत नाही. छोट्या गाड्यांच्या हँडलची जाडी साधारणपणे बावीस मिलिमीटर असते, त्यामुळे डबा बसेल. पण पिनेची जागा जुळेलच असे नाही. दुकानातच मीटर लावून सगळे खटके बीपवर तपासून घेतले तर परतफेडीची खेप वाचते. शक्य असेल तर कंपनीचाच स्विच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो. हलक्या नकली स्विचमधली पट्टी पातळ असते, आणि एका हंगामात वाचलेले पैसे दुसऱ्या हंगामात जातात.

बसवण्याचे काम काढण्याच्या उलट क्रमाने होते, तरी काही ठिकाणी सावध राहावे. नवी वायर जुन्या वायरीच्याच वाटेने न्यावी. कपलर जोडल्यावर, स्क्रू पूर्ण आवळण्याआधी, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. वायर कुठेही ताणली जाऊ नये, फ्रेम आणि हँडलच्या थांब्यामध्ये चिरडली जाऊ नये आणि क्लचच्या केबलवर घासू नये. कपलरचे तोंड खाली राहील आणि त्याच्या आधी वायरीचा थोडा झोळ राहील असे पाहावे, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून ओघळत कपलरमध्ये शिरण्याऐवजी झोळातून गळून जाते. पिन भोकात बसली याची खात्री करून आधी पुढचा स्क्रू आवळावा, नंतर मागचा. भोक जुळत नाही म्हणून नळीत नवे भोक पाडण्याचा मोह होतो. हँडल पातळ नळीचे असते आणि त्यावर माणसाचा भार येतो, तेव्हा जुळणारा स्विच शोधणे हेच योग्य.

कपलर जुळतच नसेल तर मूळ वायरिंगला हात न लावता नव्या स्विचकडच्या वायरी कापाव्यात आणि त्यांना जुन्या स्विचचा कपलर जोडावा. प्रत्येक वायर मीटरने ओळखावी, एका वेळी एकच वायर जोडावी, जोड सोल्डर करून किंवा चांगल्या क्रिम्पिंग पक्कडीने दाबून त्यावर उष्णतेने आकसणारी स्लीव्ह चढवावी. स्लीव्ह सोल्डर करण्याआधी वायरीत ओवून ठेवायची असते, हे अनेकदा विसरले जाते. सगळे जोड एकाच जागी न आणता दोन-दोन बोटांच्या अंतराने पुढे-मागे ठेवावेत, म्हणजे गठ्ठा जाड होत नाही आणि चुकून एखादी स्लीव्ह फाटली तरी शेजारच्या जोडाला टेकत नाही.

उजवी बाजू

उजव्या बाजूला अधिक काळजी लागते, कारण अनेक छोट्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरची केबल याच डब्यातून जाते. केबलचे शिसाचे टोक चाकात नीट बसले नाही, किंवा डबा तिरका आवळला गेला, तर मूठ सोडल्यावर ती मागे येत नाही. बसवून झाल्यावर हँडल डावीकडे, सरळ आणि उजवीकडे ठेवून तिन्ही वेळा मूठ पिळून सोडावी. ती प्रत्येक वेळी खटकन मागे आली पाहिजे. मुठीला दोन ते सहा मिलिमीटर मोकळीक असावी. नंतर इंजिन सुरू करून हँडल फिरवावे. फिरवताना इंजिनाचा आवाज वाढत असेल तर केबल ताणली जात आहे. ही चाचणी केल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

किल स्विच दुसऱ्या गाडीचा लावणार असाल तर एक गोष्ट समजून घेणे भाग आहे. सीडीआय म्हणजे प्लगची ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी. एसी सीडीआयच्या जुन्या गाड्यांत तो सीडीआयची वायर अर्थिंगला टेकवून इंजिन बंद करतो, म्हणजे बंदच्या खुणेवर जोड होतो. डीसी सीडीआयच्या आणि इंजेक्शनच्या गाड्यांत तो वीजपुरवठा तोडतो, म्हणजे बंदच्या खुणेवर जोड तुटतो. दिसायला दोन्ही सारखेच असतात. मीटरच्या बीपवर पाहिले की फरक क्षणात कळतो.

सेल्फचे बटण मोटरची वीज कधीच वाहत नाही. ते फक्त रिले, म्हणजे थोड्या विजेवर मोठी वीज जोडणारा-तोडणारा स्विच, चालवते. बटण तपासणीत चांगले निघाले आणि तरीही सेल्फ लागत नसेल, तर क्लच लिव्हरखालचा बारीक स्विच आणि न्यूट्रलची वायर पाहावी.

थोडे फेरफार

एकच फेरफार मी मनापासून सुचवतो, तो म्हणजे हॉर्नला रिले लावणे. यामुळे जास्तीची वीज स्विचच्या नाजूक पट्टीतून न जाता थेट बॅटरीकडून जाते आणि स्विच कितीतरी अधिक टिकतो. चार पिनांच्या रिलेवर ३०, ८७, ८५ आणि ८६ असे आकडे असतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दहा अँपिअरच्या फ्यूजमधून येणारी वायर ३० ला, ८७ मधून हॉर्नचे एक पाते, आणि हॉर्नचे दुसरे पाते अर्थिंगला जोडावे. ज्या गाडीत बटण हॉर्नला पॉझिटिव्ह देते, तिथे हॉर्नची जुनी वायर ८६ ला आणि ८५ अर्थिंगला द्यावी. ज्या गाडीत बटण अर्थिंग देते, तिथे ८६ ला चावीनंतरचा पॉझिटिव्ह आणि ८५ ला बटणाची वायर द्यावी. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा, म्हणजे पुढे वायर कुठेही घासली तरी आग लागण्याआधी तो उडतो.

रिले लावला म्हणून मोठ्या गाडीचा किंवा अनेक सुरांचा हॉर्न बसवू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११९ त्याला मनाई करतो, आणि छोट्या बॅटरीला तो भार पेलतही नाही. तसेच १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागण्याची व्यवस्था बंधनकारक आहे. तिला खटका लावून दिवा बंद करण्याची सोय करून घेऊ नये. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगे बदल करू देत नाही, आणि आपल्या अरुंद रस्त्यांवर समोरच्याला आपण दिवसाही दिसणे हिताचेच आहे. एलईडी इंडिकेटर लावल्यावर ते भराभर मिचकू लागतात, त्याचे कारण स्विच नसून जुना फ्लॅशर असतो. एलईडीसाठीचा फ्लॅशर लावला की वेग पूर्ववत होतो.

सर्व झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर जोडावी आणि अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर उभी करून अप्पर, डिपर, पासिंग, चारही इंडिकेटर, हॉर्न, पुढच्या ब्रेकने लागणारा मागचा दिवा आणि किल स्विच एकेक करून पाहावा. नंतर कपलरवर बोट ठेवावे. दहा मिनिटे हेडलाइट चालू राहूनही तो गरम लागता कामा नये. पंधरा दिवस गाडी कच्च्या रस्त्यावरून चालली की स्विचचे स्क्रू पुन्हा एकदा हलकेच आवळून पाहावेत. जुना स्विच भंगारात देऊ नये. त्याची गोळी, स्प्रिंग आणि कपलर डबीत जपून ठेवले तर पुढच्या दुरुस्तीला तेच सुटे भाग उपयोगी पडतात.